भटूनाना आणि निळी कमान

भटूनानांकडे घड्याळ दुरुस्तीला टाकायचं म्हणजे आधी स्वतःची उलटतपासणी करून घ्यायची. कोणत्या हातात घालता? झोपताना काढता का? काढून ठेवता ते उताणं, की टांगून? चावी रोज देता, की आठवेल तेव्हा? गिऱ्हाईक वैतागायचं. घड्याळ बंद पडलंय, त्याचा माझ्या झोपेशी काय संबंध, असं एका वकिलाने विचारलंही होतं. नाना शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, ते चोवीस तास तुमच्याजवळ राहणार. तुमची राहणी त्याला मानवायला नको?"

जळगावात नव्या पेठेत त्यांचं घड्याळांचं दुकान आणि माझं चष्म्याचं, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. त्यामुळे ही चौकशी मला एकवीस वर्षं फुकट ऐकायला मिळाली. पहिली दोन वर्षं मला हा माणूस चक्रम वाटायचा. पुढची एकोणीस वर्षंही वाटला, पण तोवर माझा जीव जडला होता.

नाना मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले. धुळ्याला आग्रा रोडवर रतिलाल म्हणून जुने घड्याळजी होते, त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढून नाना जळगावला आले. दुकानात बोलायचे ते आमच्यासारखंच शहरी मराठी. राग आला किंवा गहिवरून आलं की मात्र थेट अहिराणीवर उतरायचे. त्यांच्या बायकोला, सुंदरबाईंना, मी एकदा विचारलं, घरी कोणती भाषा बोलतात? त्या म्हणाल्या, "घर ते बोलतसच कथा?" म्हणजे, घरी ते बोलतातच कुठे?

घड्याळ पेट्रोलने धुवायचं, तेल टोचायचं आणि परत बांधून द्यायचं, एवढ्यावर बाकीच्या दुकानांचं काम संपायचं. नानांचं तिथून सुरू व्हायचं. घड्याळात एक चाक सतत मागे-पुढे डुलत असतं. त्याच्या पोटात केसासारखी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग असते, तिला हे लोक बालकमान म्हणतात. ती जितकी ताठ, तितकं घड्याळ पळतं. सैल पडली की रेंगाळतं. वर एक चिमुकली दांडी असते, ती केसभर सरकवली की वेग बदलतो. बाकीचे ही दांडी सरकवून मोकळे होत. नाना घड्याळ आठ दिवस ठेवून घेत. एक दिवस तोंड वर, एक दिवस तोंड खाली, मग चावी वर, चावी खाली, डावीकडे, उजवीकडे. उताणं असताना बरोबर चालणारं घड्याळ उभं केलं की मागे पडतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यांना ते वही उघडत आणि प्रत्येक घड्याळापुढे किती सेकंद पुढे, किती मागे ते लिहीत. सहाही बाजूंनी मेळ बसला तरच घड्याळ बाहेर. गिऱ्हाइकाने कितीही आदळआपट केली तरी आठाचे सात दिवस होत नसत.

ही तपासणीची घड्याळं ते एका लाकडी पेटीत ठेवत. पेटी फळ्यांच्या भिंतीला लागून होती. त्या भिंतीला मी एक चौकोनी भोक पाडून दिलं होतं. माझ्या दुकानात वाळ्याचा कूलर होता, त्यांच्याकडे नव्हता. मार्च लागला की घाम हातावरून घड्याळात टपकतो म्हणून ते कुरकुर करायचे. ती कुरकुर ऐकण्यापेक्षा अर्धी हवा दिलेली परवडली. त्या भोकाचा पुढे काय प्रताप झाला ते ऐका.

रावेर तालुक्यातल्या एका गावचे तोताराम आणि जीवराम हे सख्खे भाऊ. केळीच्या बागा, विहीर एक आणि मोटार एक. वीज सकाळी आठला यायची आणि चारला जायची. आठ ते बारा पाणी मोठ्या भावाचं, बारा ते चार धाकट्याचं. वडील होते तोवर बाराची वेळ वडलांच्या मनगटावरच्या जुन्या स्विस घड्याळावर ठरायची. म्हातारे तीन वर्षांआड जळगावला येऊन ते घड्याळ नानांकडून साफ करून नेत. माझ्याकडूनही दोन चष्मे नेले होते. ते वारल्यावर घड्याळ कोणी घालायचं असा प्रश्न आला. एकाने घातलं तर दुसऱ्याला वाटणार, की वेळ याच्या मुठीत गेली. म्हणून दोघांनी मिळून ठरवलं की घड्याळ कोणीच घालायचं नाही. ते विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खुंटीला टांगायचं. खोलीला कुलूप, किल्ल्या दोन, एकेक दोघांकडे. बाजाराच्या दिवशी रावेरला गेलं की स्टेशनच्या घड्याळाशी ते जुळवून आणायचं. मला ही व्यवस्था आजही आवडते. भावाभावांत इतका समजूतदारपणा मी कमी पाहिला आहे.

सत्याऐंशीच्या संक्रांतीच्या सुमारास घड्याळ खुंटीवरून निसटून पाण्याच्या हौदात पडलं. तोताराम ते घेऊन नानांकडे आले. आत पाणी गेलेलं, बालकमान गंजलेली. मूळची कमान पांढुरक्या धातूची होती, तशी मुंबईहून मागवायची तर महिना-दीड महिना. विहिरीला तोवर घड्याळ नाही. नानांच्या डब्यात एका मोडक्या घड्याळाची निळ्या पोलादाची कमान होती. मापाने जुळली. त्यांनी ती बसवली, दोन रात्री जागून तिची लांबी बेतली, मग आठ दिवस पेटीत तपासली. आठ दिवसांत अकरा सेकंदांचा फरक आला. मला बोलावून त्यांनी वही दाखवली. मी म्हणालो, "नाना, माझ्या बायकोलाही तुमच्याकडे आठ दिवस ठेवतो." ते हसले नाहीत. अशा वेळी ते हसत नसत.

या सगळ्यात एकच गोष्ट राहिली. ज्याला त्याला छळणाऱ्या या माणसाने तोतारामला काही विचारलंच नाही. वीस वर्षांचं ओळखीचं घड्याळ, ओळखीचं घर. पाण्यात पडलं, एवढंच तोताराम बोलले होते. म्हातारे हातात घालायचे, म्हणजे मुलगाही हातातच घालत असणार, असं ते धरून चालले.

एप्रिलच्या शेवटी तोताराम परत आले. घड्याळ मागे पडत होतं. मार्चमध्ये थोडं थोडं, आता आठवड्याला वीस मिनिटं. घड्याळ मागे म्हणजे बारा उशिरा वाजणार, म्हणजे तोतारामची मोटार जास्त वेळ चालणार आणि चारला वीज गेली की धाकट्याचं पाणी तुटणार. जीवरामकडे प्लास्टिकच्या पट्ट्याचं आकडेवालं घड्याळ होतं. त्याने फरक दाखवून दिला होता. तोताराम म्हणाले, "नाना, माह्या धाकल्याच्या कडेच्या केयी सुकू राह्यल्या. येवढं पाहून द्या." त्यांच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, केळीच्या केयी होतात.

नानांनी घड्याळ पेटीत टाकलं. चार दिवसांत फरक आला चार सेकंदांचा. ते जरा दुखावलेही. आपल्या हातच्या कामावर, तेही एका प्लास्टिकच्या खेळण्यावरून, शंका! त्यांनी दुकानाच्या छापील कागदावर चिठ्ठी लिहिली: 'घड्याळ चार दिवस तपासले. बिनचूक आहे. काही दोष नाही.' खाली सही आणि शिक्का. चिठ्ठी देण्याची रीत त्यांची नव्हती. पण भावाला दाखवायला बरी पडेल, असं मीच सुचवलं होतं. मला सगळ्यात अक्कल जास्त ना!

मे महिन्याच्या मध्यावर तोताराम तिसऱ्यांदा आले तेव्हा माणूस ओळखू येईना. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. पाणी प्यायले आणि म्हणाले, "नाना, तुमची चिठ्ठी खरी हाये ना?"

"म्हणजे?"

घड्याळ गावी गेल्यावर पुन्हा मागे पडायला लागलं होतं. आता घड्याळ बिनचूक आहे हे तर शिक्क्यानिशी लिहिलेलं. मग काटे कोणीतरी फिरवतंय. खोलीच्या किल्ल्या दोनच. आपण फिरवत नाही हे प्रत्येकाला पक्कं माहीत, म्हणजे उरला दुसरा. जीवरामने चार लोकांत भावाला पाणीचोर म्हटलं. आणि तोतारामची खात्री झाली होती, की आपल्याला बदनाम करून विहीर वाटून घ्यायची म्हणून धाकटाच काटे मागे करतो. रविवारी गावातले चार वडीलधारे विहिरीवर बसणार होते. "तुम्ही या आनि सर्वांसमोर सांगा का घड्याय खरं हाये. मंग कोन खोटं ते दिसीन."

नाना लगेच तयार झाले. त्यांच्या कामाचा सवाल होता. मी सोबत गेलो, खोटं कशाला बोलू, बागेतली केळी खायला मिळतील म्हणून.

रविवारी सकाळी सातच्या आत आम्ही विहिरीवर होतो, आदल्या दिवशीच एस.टी.ने मुक्कामाला गेलो होतो. वडीलधारे चारच्या सुमारास, पाणी संपल्यावर, येणार होते. जीवराम बांधावर उभा होता. पस्तिशीचा, रापलेला. त्याने आम्हाला रामराम केला, पण भावाकडे पाहिलं नाही. त्याच्या बागेच्या शेवटच्या चार ओळींची पानं खाली लोंबत होती, कडा जळालेल्या. पाणी तिथवर पोचायच्या आत वीज जायची. ते पाहून माझी केळी खायची इच्छा गेली.

नाना म्हणाले, "घड्याळ कुठं असतं ते दाखवा."

मोटारीची खोली म्हणजे चार पत्र्यांची पेटी. वर पत्रा, बाजूला पत्रे, आत मोटार. पत्र्याच्याच भिंतीवर लाकडी पट्टी ठोकलेली आणि तिला खुंटी. घड्याळ पत्र्याला पाठ टेकून लटकत होतं. सकाळची वेळ होती तरी आत भपकारा येत होता. नानांनी पत्र्याला हात लावला, मग घड्याळाला, आणि तोतारामकडे वळले.

"हातात कोणी घालत नाही?"

"नही," तोताराम म्हणाले. "आबा गेले तधीपासून इथंच."

नाना बाहेर आले, आंब्याखाली बसले आणि मला हलक्या आवाजात म्हणाले, "अण्णा, मना हातनं घात व्हयना." माझ्या हातून घात झाला.

निळ्या पोलादाची कमान उष्णतेने सैल पडते. पांढऱ्या धातूची पडत नाही, म्हणून तर तो धातू निघाला. हे रतिलालांनी त्यांना पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. हातात घातलं असतं तर हिवाळा असो की उन्हाळा, मनगटाची ऊब सारखीच राहते, निळ्या कमानीवरही भागलं असतं. इथे घड्याळ दिवसभर तव्यावर होतं. आणि दुकानात चार दिवस तपासलं ते कुठे? माझ्या कूलरच्या भोकासमोर, वाळ्याच्या गार वाऱ्यात. तिथे ते बिनचूकच चालणार.

मी त्यांना काय सल्ला दिला ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "नाना, बोलू नका. तेलाचा दोष आहे म्हणा, घड्याळ घेऊन चला, मुंबईहून कमान मागवून बसवा. कोणाला कळतंय? ते प्लास्टिकचं बरोबर आणि तुमचं चूक, हे इथे कबूल केलंत तर या भागातलं एक गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढणार नाही. तसंही सगळे सेलवाल्या घड्याळांकडे पळताहेत."

नाना म्हणाले, "आणि त्या दोघांपैकी चोर कोणता ठरवायचा?"



आठला वीज आली. नानांनी जीवरामला बोलावलं, त्याचं घड्याळ मागून घेतलं आणि दोन्ही घड्याळं सेकंदावर जुळवली. वडलांचं घड्याळ पुन्हा खुंटीला टांगलं. खोलीला कुलूप घालून दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात टाकल्या. मोटार बाहेरच्या खटक्यावरून चालू-बंद होत होती, त्यामुळे कोणाला आत जायची गरज नव्हती. चार वाजेपर्यंत आम्ही दोघे दारासमोरून हललो नाही. तोतारामची बायको, बेबाबाई, भाकरी घेऊन आली. तिने जीवरामलाही हाक मारली. तो आला नाही. भाकर तिने फडक्यात बांधून बांधावर ठेवली.

चारला मोटार थांबली. चार वडीलधारे आणि गावची पंधरा-वीस माणसं जमली होती. मी कुलूप काढलं. नानांनी घड्याळ आणून जीवरामच्या घड्याळाशेजारी धरलं. आठ तासांत दीड मिनिट मागे. घड्याळ इतकं तापलं होतं की नाना ते या हातातून त्या हातात घेत होते.

"कोणी आत गेलं का?" त्यांनी विचारलं.

कोणी गेलं नव्हतं.

मग त्यांनी घड्याळाचं झाकण उघडलं, डोळ्याचं भिंग काढून पुढे केलं आणि एकेकाला आतली कमान दाखवली. सगळं समजावून सांगितलं: निळं पोलाद, पत्रा, मनगट, कूलर. पटापट, शाळेतल्यासारखं. शेवटी मात्र ते अहिराणीवर आले. "काटास्ले कोन्ही हात लायेल नही. ना ह्या भाऊनी, ना त्या भाऊनी. ती कमान मी बसाडी, आनि चिठ्ठी बी मीच लिखी. बठ्ठी चूक मनी शे. चोर म्हनानं व्हई ते माले म्हना."

तिकडची बोली वेगळी, पण एक शब्द कोणाला अडला नाही. गर्दीतलं कोणीतरी म्हणालं, "म्हंजे प्लास्टिकवालं खरं व्हतं!" आणि दोघे-तिघे हसले. नानांनी मान खाली घातली. मला त्या हसणाऱ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

जीवराम पुढे आला आणि भावाच्या पायाशी वाकला. "भाऊ, मी तुमाले चोर म्हनलो. चुकलो."

तोतारामने त्याला उठवलं. "तू तोंडावर म्हनला. मी महिनाभर मनात म्हनत व्हतो," ते म्हणाले. "आनि चोरी झाली नसन, पन पानी तं माह्याच केयीले गेलं ना. उद्यापासून आठची पायी तुही. वेय बी तुह्याच घड्याईवर."

सगळ्यांना बरं वाटलं. वडीलधाऱ्यांनी चहा मागवला. दोघे भाऊ शेजारी बसून चहा प्यायले. मला वाटलं, मिटलं.

नानांनी मुंबईला पत्र टाकलं. पांढरी कमान जूनमध्ये आली. या वेळी त्यांनी घड्याळ पेटीत ठेवलंच नाही. त्यांच्या राहत्या घराच्या गच्चीवर पत्र्याची मोरी होती, तिथे खिळ्याला टांगलं. रोज तीन वेळा जिना चढून जायचे. सुंदरबाई म्हणायच्या, याहीसनं डोकं फिरनं. पंधरा दिवस दुपारी पत्र्याखाली, पहाटे गारव्यात, सगळीकडे घड्याळ सारखं चाललं. मग ते स्वतःच रावेरला निघाले. मलाही ओढून नेलं.

विहिरीवर गेलो तर मोटारीच्या खोलीला लागून दुसरी नवी खोली झाली होती. एका विहिरीवर दोन मोटारी. दोन पाइप दोन दिशांना गेलेले, आणि दोन्ही मोटारी एकाच वेळी चालू. पाण्याची पाळी उरलीच नव्हती. जीवराम त्याच्या बागेत होता. त्याने लांबून हात केला. तोताराम आमच्याजवळ आले. मी विचारलं, "पुन्हा काही बिनसलं का?"

"नही. भांडन काहीच नही," तोताराम म्हणाले. "दोघाईनंच ठरवलं. तो माह्यासमोर मोटार बंद करे तं आधी दोनदा घड्याय दाखवे. मी बी दहा मिनिटं उशिरानंच चालू करे. कोनी कोनाकडे पाहेच नही. आमी येकमेकाले चोर समजू शकतो, हे आमाले म्हाईतच नव्हतं नाना. आता म्हाईत झालं."

नानांनी घड्याळ त्यांच्या हातात दिलं. "आता उन्हात ठेवा, पाण्याजवळ ठेवा, कुठंही ठेवा. एका मिनिटाचा फरक पडणार नाही. माझी जबाबदारी."

तोतारामने घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं. कपड्याने काच पुसली आणि नव्या खोलीकडे पाहिलं.

"चालू तं राह्यलं," ते म्हणाले. "पन नाना, आता दाखवू कोनाले?"

एस.टी.त बसल्यावर भुसावळ येईपर्यंत नाना खिडकीकडे तोंड करून रडत होते, आणि मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसलो होतो.